पिंकीनं सिंथ घेतला

नेऱ्याच्या गेल्या वर्षीच्या यात्रेचा व्हिडिओ मुका झाला, तिथून या गोष्टीला तोंड फुटलं.

गावातल्या पोरांनी पालखीची मिरवणूक फोनवर टिपली आणि मोठ्या हौसेनं गावाच्या पानावर टाकली. दुसऱ्या दिवशी बघतात तर चित्र चालू आणि आवाज गायब. पालखी डुलतेय, गुलाल उडतोय, माणसं उड्या मारतायत, पण सगळं गपगार. डीजेवर वाजलेली गाणी दुसऱ्यांच्या मालकीची, म्हणून आवाज कापला गेला होता. मुरबाडला दिलेल्या एका लेकीनं तर घाबरून फोन केला, "आवं, यात्रेत कुनी गेलं-बिलं का काय? समदी मुक्यानं नाचत्यात!"

यात्रा कमिटीचे अध्यक्ष बंडोपंत यांना ते फार लागलं. माघ संपता संपता त्यांनी देवळात बैठक घेतली आणि दोन्ही डीजेवाल्यांना समोर बसवलं. एक नेऱ्याचाच शेखर, 'भैरवनाथ साउंड'चा मालक. दुसरा शेजारच्या गावचा साहिल. त्याची गाडी नवी, दिवे जास्त आणि बोलणं मधाळ.

"यंदा उसनी गाणी बंद," बंडोपंत म्हणाले. "ज्यानं त्यानं आपली धून बनवून आनायची. आवाज मीटरच्या हद्दीत बसला पायजे. देवळाम्होरं दोघं पाळीपाळीनं वाजवा. जिच्यावर गाव नाचंल, ती गाडी पालखीम्होरं ऱ्हाईल."

साहिल हसला. "चालंल की. शेखरशेठ, तुमची धून कोन बनवनार?"

"माझी भन," शेखर म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर त्यालाच घाम फुटला.

ही बहीण म्हणजे पिंकी. बी.कॉम. झाल्यावर माणच्या एखाद्या कंपनीत टेबलामागं बसेल अशी घरच्यांची समजूत होती. ती बसली भावाच्या गाडीवर, मिक्सरमागं. सुरुवातीला लग्नघरची माणसं मान वळवून बघायची. मग त्यांच्या लक्षात आलं की ही पोरगी असली की माइक शिट्टी मारत नाही आणि नवरीच्या आईला बोलणंही ऐकू येतं. आता हळदीची तारीख ठरवायला येणारी माणसं आधी विचारायची, "ताई असनार ना?"

दुपारी काम नसलं की पिंकी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून धुना बनवायची. हा लॅपटॉप एका भाडेकरूनं घर सोडताना स्वस्तात देऊन टाकलेला. ढोल, टाळी, हलगीचा कडकडाट हे सगळं तिला जमत होतं. अडायचं ते मुख्य सुरावर. ठेका चढत चढत जातो, क्षणभर थांबतो आणि मग जो आवाज कोसळतो, ज्यावर माणसाचे पाय आपोआप सुटतात, तो आवाज तिच्याकडे नव्हता. सॉफ्टवेअरबरोबर आलेले फुकटचे आवाज चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे होते. उचलायला गेलं की गळून पडायचे. तिला सिंथेसायझर हवा होता. लॅपटॉपच्या आत बसणारं वाद्यच ते, पण त्यात आवाज घडवावा लागतो. कच्चा सूर घ्यायचा, तो चाळायचा, त्याला चढ-उतार द्यायचा, मग कुठं तो आपला होतो.

बैठकीहून शेखर घरी आला तो थेट वरच्या खोलीत.

"सायल्यानं त्यो मोठा सिंथ घेतलाय. समदी जगातली डीजे वापरत्यात त्यो. आपुन बी त्योच घ्यायचा."

"दादा, त्याची किंमत बघितली का?"

"हप्त्यानं घिऊ."

"आन् लॅपटॉप? त्यो बी हप्त्यानंच?"

शेखरनं डोकं खाजवलं. "तू सांग मग. तुला कळतंय त्यातलं."

आपल्याला त्यातलं नक्की किती कळतं, याची पिंकीला खात्री नव्हती. ती खाली उतरली आणि मागच्या खोलीचं दार वाजवलं. तिथं स्वानंद राहायचा. परभणीचा मुलगा, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी कानाला हेडफोन लावून आपल्यापुरतं संगीत करायचा. त्याच्याकडेही तोच मोठा सिंथ होता.

"बेस्ट आहे," तो म्हणाला. "हजारो तयार आवाज. एक बटण दाबलं की समोर मैदान उभं राहतं. पण घेण्याआधी ट्रायल करून बघ. सगळ्यांच्या ट्रायल मिळतात. मी पण तसाच घेतला होता."

मग पिंकीनं ठरवलं की बाजारात ज्वारी घेताना जशी मुठीत घेऊन बघतात, तसे हे सिंथ बघायचे. प्रत्येकावर एकच धून वाजवायची, तीच पट्टी, तोच ठेका. मग कळेल कोण किती पाण्यात.

मोठा सिंथ पहिल्यांदा वाजला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. हेडफोनमध्ये आवाज दोन्ही कानांच्या पार पलीकडे जाऊन पोचला. पण चार सूर एकत्र दाबले आणि लॅपटॉपचा पंखा भाताच्या गिरणीसारखा घोंघावू लागला. पाचव्या सुराला आवाज तडतडला, तापल्या तेलात पाणी पडावं तसा.

त्यानंतर एक फुकटचा आला. दिसायला देखणा, आवाजही गोड. पण केलेलं काम साठवायला गेलं की तो सगळा डाव मोडून बंद पडायचा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा तिनं त्याला हात जोडले. आणखी एक होता, त्यात इतक्या तारा आणि इतक्या खिडक्या की पिंकीला महावितरणच्या डीपीत डोकं घातल्यासारखं वाटलं.

चौकातल्या मोबाइलच्या दुकानातला राजू एक दिवस पेनड्राइव्ह घेऊनच आला. "ताई, समदं हाय ह्यात. मोठा सिंथ बी. फुकाट. कुलूप तोडलेला हाय."

पिंकीनं पेनड्राइव्ह हातात घेऊन बघितला. मोह झाला नाही असं नाही. पण गावाची धून गावाची असावी म्हणून तर हा सगळा खटाटोप चालला होता. चोरीच्या वाद्यावर वाजवलेली धून आपली कशी म्हणायची?

"ऱ्हाऊ दे राजू," ती म्हणाली. "देवाम्होरं वाजवायचंय."

शेवटी तिनं एक छोटा सिंथ उतरवून घेतला. कुठल्याशा थंड देशातल्या दोघा जणांनी मिळून बनवलेला. रंग राखाडी, पडद्यावर नॉबच्या तीन ओळी, चित्रं नाहीत, दिवे नाहीत, तयार आवाज मोजकेच. चाचणीपुरता होता, म्हणून मधूनमधून आपणच एक शिट्टी वाजवायचा. किंमत एका हळदीच्या मिळकतीत सहज बसेल एवढी. लॅपटॉपचा पंखा त्याला ढिम्म हलला नाही. पण हेडफोनमध्ये तो मोठ्यापुढं अगदी कोरडा वाटला, नुसत्या भाकरीसारखा.

"मोठाच घ्यायचा मग," ती शेखरला म्हणाली खरी, पण तिचा आवाज पडलेला होता. "लॅपटॉपचं बगू काय तरी."

"घिऊ की! मंग एकदा गाळ्यावर वाजवून बगू. हेडफोनवर काय गाव नाचनार हाय व्हय?"

शेखर हे सहज बोलून गेला, पण पिंकी जागच्या जागी थांबली. खरंच, तिनं इतके दिवस सगळं हेडफोनवरच ऐकलं होतं.

भैरवनाथ साउंडचा गाळा मारुंजीच्या रस्त्याला होता. रविवारी सकाळी शेखरनं शटर उघडलं, दोन टॉप, चार बेस असे स्पीकर बाहेर काढले आणि मोकळ्या जागेत लावले. स्वानंदही आला, चहाचा कप हातात घेऊन. पिंकीनं लॅपटॉप जोडला आणि मोठ्या सिंथवरची धून लावली.

ढोल आला, टाळी आली. ठेका चढला, थांबला. आणि मग मैदान उभं करणारा तो प्रचंड आवाज कोसळायच्या जागी... काहीच कोसळलं नाही. दूर कुठंतरी, घागरीच्या तळाशी कुणी गुणगुणावं तसा एक पातळ सूर तेवढा आला.

"वायर सुटली," शेखर म्हणाला आणि पळाला. वायर ठीक होती. त्यानं दुसरी लावली. तेच.

पिंकी स्पीकरसमोर उभी राहिली, मग बाजूला गेली, मग मागं. घागरीतला सूर सगळीकडे तसाच. तिनं हेडफोन लावून बघितला, तर आवाज जागेवर होता, पहिल्यासारखाच भरभक्कम. हेडफोन काढला की गायब.

"दादा, आपली दोन्ही बाजू येकच वाजती ना?"

"व्हय. मिक्सरातनंच येकत्र करतो. माणूस गाडीच्या ह्या अंगाला असू दे न्हाईतर त्या अंगाला, त्याला समदं आयकू आलं पायजे."

पिंकीनं डोळे मिटले. मग तिनं सिंथचा एक आवाज फक्त डाव्या बाजूनं वाजवला. दणदणीत. मग फक्त उजव्या बाजूनं. तोही दणदणीत. मग दोन्ही एकत्र केले, आणि तो पुन्हा घागरीत गेला.

"ही दोघं एकमेकांना खात्यात," ती म्हणाली.

स्वानंदनं चहाचा कप खाली ठेवला. "थांब. बरोबर आहे तुझं. तो आवाज रुंद वाटावा म्हणून डावीकडं एक आणि उजवीकडं त्याच्या उलटा पाठवतात. हेडफोनमध्ये भारी वाटतं. एकत्र केलं की एक पुढं ढकलतो, दुसरा मागं ओढतो. शिल्लक काहीच नाही." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "मी इतकी वर्षं वापरतोय आणि एकदा पण स्पीकरवर लावलं नाही. भाड्याच्या खोलीत कुठं लावणार?"

"आता बारका लावते," पिंकी म्हणाली.

राखाडी सिंथचा सूर सुटला आणि गाळ्याचं शटर थरथरलं. हेडफोनमध्ये जो कोरडा वाटला होता, तो इथं एकसंध, खणखणीत, थेट छातीवर येऊन आदळला. खालचा बेस जमिनीतून चढला. रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरवाल्यानं गाडी हळू केली आणि खिडकीतून मान बाहेर काढली. शेखर वायर हातात घेऊन तसाच उभा राहिला. मधेच सिंथनं चाचणीची शिट्टी मारली, तर तीही अशी काही ऐटीत मारली की तिघांनाही हसू आलं.

"तसं मोठ्याला पण सरळ करता येईल," स्वानंद प्रामाणिकपणे म्हणाला. "त्याचा रुंदपणा बंद करायचा, थर कमी करायचे..."

"निम्मं बंदच ठिवायचं तर घ्यायचं कशाला?" पिंकी म्हणाली. "आन् बंद करूनबी माझ्या लॅपटॉपाला पेलनार न्हाई ते न्हाईच."

त्याच दुपारी तिनं राखाडी सिंथ विकत घेतला. शिट्टी बंद झाली. शेखरला आतून जरा रुखरुख होती. साहिलनं विचारलं तर कुठल्या तोंडानं सांगायचं, असं त्याला वाटत होतं. पण स्पीकरवर जे ऐकलं ते ऐकलं होतं.

थोड्या नॉबांचा एक फायदा पिंकीला लवकरच कळला. प्रत्येकाची ओळख झाली. कुठला फिरवला की सूर खरखरतो, कुठला अर्ध्यावर ठेवला की तो गळ्यातून आल्यासारखा वाटतो, हे तिच्या बोटांना पाठ झालं. तयार आवाज तिनं एकही घेतला नाही. शून्यातून एक सूर केला, चाळला, त्याला कापरेपण दिलं, मग ते कापरेपण काढून टाकलं. आठ-दहा दिवस ती त्याच एका सुरामागं होती. सूर चांगला झाला होता. पण तो काय बोलतोय, ते तिला अजून सापडत नव्हतं.

तिची आई साळूबाई कोळवणच्या खोऱ्यातली. एका सकाळी ती दाराशी तांदूळ पाखडत बसली होती आणि पिंकी बाजूच्याच खोलीत, दार उघडं ठेवून, टचपॅडवर बोटानं नॉब फिरवत होती. सूर लांबला, वर चढला आणि टोकाला जाऊन थांबला.

"होऽऽ!" बाहेरून साळूबाईनं साद दिली. सूप थांबलं नव्हतं, मानही वर झाली नव्हती.

पिंकीनं तोच सूर पुन्हा वाजवला.

"होऽऽ!"

ती धावत बाहेर आली. "आये, हे काय केलंस तू?"

"काय केलं?" साळूबाई दचकली. "तांदूळ पाखडतीया की."

"हो म्हनलीस ना आता?"

साळूबाईला ते आठवायलाच जरा वेळ लागला. मग ती लाजली. "आगं, आमच्याकडं भात लावताना येक बाई लांब सूर टाकती आन् समद्या बाया खालनं हो देत्यात. मान वर करायला सवड नसती, कंबर मोडल्याली असती. पन हो दिला की हात पुडं चालतो. तुझं ते यंत्र तसंच वरडलं, म्हून माझ्या तोंडातनं निगालं."

पिंकीनं आईच्या गळ्यात हात टाकले, तर सुपातले तांदूळ सांडले आणि वर शिव्या मिळाल्या.

संध्याकाळपर्यंत धून तयार झाली. सिंथ हाक मारतो, लांब, चढती. मग एक रिकामी जागा. त्या जागेत पिंकीनं काहीच भरलं नाही. मग ढोल आणि बेस एकदम कोसळतात.

शेखरनं ऐकलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मदी मोकळं सोडलंय ते काय? लोकांना वाटंल बंद पडलं."

"ऱ्हाऊ दे तसंच."

"पिंके, सायल्याम्होरं इज्जतीचा सवाल हाय."

"म्हून तर म्हंते, ऱ्हाऊ दे."

चैत्रात यात्रा भरली. दुपार कलली तशी देवळासमोरची जागा माणसांनी भरली; माणहून, मारुंजीहून, पार ताथवड्याहून पाहुणे आले. खोल्यांमधले भाडेकरूही आले, कुणी लातूरचे, कुणी अकोल्याचे, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं तशीच. बंडोपंत आवाजाचं मीटर हातात घेऊन खुर्चीवर बसले.

पहिली पाळी साहिलची. त्याची धून वाईट नव्हती. ठेका जोरकस, दिवे झगमगणारे, त्याच्या गावची पोरं पुढं होऊन नाचली. पण मुख्य सूर आला की काहीतरी पातळ व्हायचं आणि तो ते भरून काढायला आवाज वाढवायचा. बंडोपंतांनी दोनदा हात वर करून मीटर दाखवलं. साहिलनं आवाज कमी केला आणि नाचही त्याबरोबर उतरला. गाडीवरून वाकून तो स्वतःच्याच स्पीकरकडे बघत राहिला.

मग शेखरची गाडी पुढं आली. पिंकी वर चढली. ऊन अजून तापलेलं, लॅपटॉपवर ओलं फडकं बांधलेली छत्री धरून स्वानंद उभा.

ढोल सुरू झाला. माणसांनी मान डोलावली, बस्स. हलगी मिसळली, काही खांदे हलले. पिंकीनं नॉबवर बोट ठेवलं आणि सूर सोडला. तो चढला, देवळाच्या कळसावरून गेला आणि थांबला.

शांतता.

त्या रिकाम्या जागेत शेखरचा चेहरा पांढरा पडलेला तिला दिसला. गर्दीतलं कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली काय रं?" आणि बेस कोसळला. चांगला कोसळला, पोरं उडाली, पण जागा रिकामीच गेली होती. तिनं पुन्हा सूर चढवला. या वेळी जरा जास्त लांबवला. जरा जास्त ओढून धरला. आणि सोडला.

"होऽऽ!"

आवाज देवळाच्या पायऱ्यांवरून आला. तिथं बायका बसल्या होत्या, मध्ये साळूबाई, शेजारी तिच्या माहेरच्या पाहुण्या. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा हो संपायला आणि बेस कोसळायला एकच गाठ पडली.

पुढच्या हाकेला पायऱ्यांबरोबर पुढची रांगही बोलली. त्याच्या पुढच्या हाकेला सगळं मैदान. "होऽऽ!" म्हातारे, पोरं, ओळखपत्रवाले, फुगेवाला, कुस्तीला आलेले पैलवान. अकोल्याच्या आणि लातूरच्या पोरांनाही कुणी शिकवावं लागलं नाही. एक बाई डोक्यावरचा पदर खोचून मधोमध नाचू लागली आणि तिला बघून बाकीच्या उतरल्या. धुळीचा लोट उठला. बंडोपंत मीटर बघायला वाकले. काटा हद्दीच्या आतच होता, गाव मात्र हद्दीबाहेर गेलं होतं. मग त्यांनी मीटर खुर्चीवर ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.

पिंकी हसत होती की रडत होती, हे स्वानंदला छत्रीखालून कळेना. शेखर गाडीवरून खाली उडी मारून नाचत होता. स्पीकरच्या वायरी, मिक्सर, धंदा, सगळं विसरून.

धून संपली तर लोक हटेनात. "पुन्यांदा! पुन्यांदा!" बंडोपंतांनी माइक घेतला. "निकाल काय सांगायचा, समद्यांनीच दिला. यंदा पालखीम्होरं भैरवनाथ साउंड. ह्यो फेटा शेखरशेठना..."

"मला न्हाई," शेखर धापा टाकत म्हणाला. "धून तिची, सिंथ तिनं निवडला. मी तर मोठा घ्यायला निगालो व्हतो."

मग गाडीवर चढून बंडोपंतांनी पिंकीच्या डोक्याला फेटा बांधला. तो मोठा झाला आणि कानावर आला. खाली साळूबाई शेजारणीला सांगत होती, "माझी हाय ती. लहानपनी बी लई आवाज करायची."

गर्दीतून वाट काढत साहिल गाडीजवळ आला. गुलाल त्याच्याही कपाळाला होता. "ताई, मानलं. कुटला सिंथ हाय यो?"

पिंकीनं नाव सांगितलं.

"एवढाच? बारका?"

"बारकाच. गाळ्यावर ये उद्या, दावते. तुझ्या मोठ्याचं बी काय होतंय ते बगू. तुझी धून चांगली हाय, फक्त गाडीवर ऐक एकदा."

साहिलनं मान हलवली आणि, बहुतेक पहिल्यांदाच, काही गोड न बोलता हसला.

देवळाच्या दारात पालखी उचलली गेली. भोई खांदा बदलून उभे राहिले आणि त्यांच्यातल्या पुढच्यानं गाडीकडे बघून हात केला, चल म्हणून. शेखर स्टिअरिंगवर जाऊन बसला. पालखीपुढं उड्या चालत नाहीत, तिथं चाल संथ लागते. पिंकीनं फेटा मागं सारला, ठेका निम्म्यावर आणला, बेस मऊ केला. मग बोट नॉबवर ठेवून तिनं सूर हळूहळू उघडत नेला, पालखी पायऱ्या उतरत होती त्याच गतीनं, आणि गाडी हलली.